व्हिडिओ गेम खेळताना माणूस नक्की करतो काय? (टेट्रिस समोर ठेवून)

घाटवाट

व्हिडिओ गेम्सवर आपल्याकडे धागे पुष्कळ निघतात, पण वाद नेहमी तेच. मुलांनी खेळावेत की नाही, किती वेळ खेळावेत, डोळे बिघडतात का. खेळणारा त्या वेळात प्रत्यक्ष करतो काय, यावर कुणी चार ओळी लिहीत नाही. क्रिकेटबद्दल बोलताना आपण गोलंदाजाचा टप्पा, फलंदाजाचं पुढचं पाऊल, स्लिपमधला क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे यावर तासन्‌तास बोलतो. व्हिडिओ गेमकडे असं बारकाईने कुणी पाहत नाही, आणि मला त्याची खंत आहे, कारण तिथेही पाहण्यासारखं तेवढंच आहे.

म्हणून इथे एकच गेम घेऊ या. टेट्रिस. पस्तिशीपुढच्या बहुतेकांनी तो हाताळलाय, भले नाव माहीत नसेल. नव्वदच्या दशकात जत्रेत मिळणारा राखाडी पडद्याचा ब्रिक गेम आठवा, ज्यावर '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून बसवायचे, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते.

हा गेम १९८४ साली मॉस्कोत तयार झाला. अलेक्सेई पाजितनोव सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करत. पाच-पाच चौकोन जोडून होणारे १२ आकार पेटीत चपखल बसवायचे, हे पेंटोमिनो नावाचं कोडं त्यांच्या आवडीचं. संगणकासाठी त्यांनी पाचाचे चार चौकोन केले आणि आकार झाले ७. समोरचं यंत्र होतं इलेक्ट्रोनिका ६०. त्यावर चित्रं काढायची सोय नव्हती, फक्त अक्षरं आणि चिन्हं उमटत. त्यामुळे जगातल्या पहिल्या टेट्रिसचे ठोकळे चौकटी कंसांचे होते. पुढे वादिम गेरासिमोव या १६ वर्षांच्या मुलाच्या मदतीने तो आयबीएम पीसीवर आला आणि तिथून पसरला. १९८९ मध्ये जपानच्या निनटेंडो कंपनीने आपल्या हातात धरायच्या गेम बॉय यंत्राबरोबर दिल्यावर तो जगभर पोचला.

त्या इतिहासातला एक टप्पा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. सुरुवातीला ओळी नाहीशा होत नव्हत्या. ठोकळे पडायचे, काही सेकंदांत खोकं भरायचं, खेळ खलास. मग पाजितनोव यांच्या लक्षात आलं की पूर्ण भरलेल्या ओळीत करण्यासारखं काही उरलेलंच नसतं, मग ती पडद्यावर ठेवायची कशाला? ती त्यांनी काढून टाकली आणि कोड्याचा गेम झाला. कोडं सुटतं आणि संपतं. टेट्रिसमध्ये नीट केलेलं काम नजरेआड होतं आणि समोर उरतात त्या फक्त आपल्या चुका. त्यांच्या वरच पुढचं रचायचं असतं.

माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे खोडायला सोपं जाईल. गेम करणारा नियम देतो. तो गेम खेळायचा कसा, हे खेळणारे शोधतात, आणि कधी कधी त्यात तीस-तीस वर्षं जातात. नुसता प्रोग्राम म्हणजे गेम नव्हे. प्रोग्राम आणि त्याच्यासमोर माणसांनी शोधलेल्या युक्त्या मिळून गेम होतो.

तुम्ही कुठलाही गेम घ्या, पण तुमची बोटं, डोळे, डोकं त्यात काय करतात ते लिहा.

सातबारा

ब्रिक गेम आमच्याही घरी होता. पेन्सिल सेल संपत आले की त्याचं संगीत रडवेलं व्हायचं, ते अजून कानात आहे.

पण मूळ प्रश्न अर्धवट राहिलाय. मोबाईलवर बुद्धिबळ खेळलं तर तो व्हिडिओ गेम का? सॉलिटेअर? पडदा असला की व्हिडिओ गेम, एवढीच व्याख्या असेल तर ती फार ढोबळ आहे.

घाटवाट

@सातबारा, माझी कसोटी अशी: पडदा काढून घेतला तर खेळ उरतो का? बुद्धिबळ उरतं. पट मांडा, नाहीतर डोळे मिटून नुसत्या चाली सांगा. टेट्रिस उरत नाही.

पत्त्यांत नियम आपण पाळतो. धाकट्याला एखादी उतारी परत घेऊ देतो, जेवायची हाक आली की डाव तसाच ठेवून उठतो. व्हिडिओ गेममध्ये नियम यंत्र चालवतं आणि त्याच्याशी घासाघीस करता येत नाही. तुकडा पडणार म्हणजे पडणार. पंच, प्रतिस्पर्धी आणि मैदान तिन्ही कामं एकच यंत्र करतं, तीही सेकंदाच्या बारीक बारीक भागांत. हातावर ताण येतो तो यामुळे.

आणि कधी कधी यंत्राची मर्यादाच नियम होऊन बसते. १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स घ्या. ५५ परग्रहवासी खाली सरकत येतात आणि आपण त्यांना टिपतो. जसजसे ते कमी होतात तसतसे उरलेले जोरात पळू लागतात. तो गेम करणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी हे आधी ठरवलेलं नव्हतं. इतकी चित्रं एकदम हलवताना यंत्राला वेळ लागायचा आणि चित्रं कमी झाली की ते आपोआप वेगवान व्हायचं. निशिकादोंनी पाहिलं की याने शेवटी शेवटी धडधड वाढते, आणि ते तसंच ठेवलं. 'जिंकत आलात की कठीण होईल' हा नियम आज शेकडो गेम्समध्ये आहे. त्याचा उगम एका मंद प्रोसेसरात आहे.

निळीशाई

मी गणित शिकवते. टेट्रिसचे तुकडे वर्गात पुठ्ठ्याचे कापून वापरते, म्हणून थोडं त्या अंगाने लिहिते.

सात तुकडे, प्रत्येकी चार चौकोन, म्हणजे एकूण २८. मुलांना सांगते, यांचा ४ गुणिले ७ चा आयत करून दाखवा. तास संपेपर्यंत कुणाला जमत नाही, कारण तो होतच नाही. आयताला बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे रंग दिले तर १४ काळे आणि १४ पांढरे येतात. सातांपैकी सहा तुकडे कुठेही ठेवले तरी दोन काळे आणि दोन पांढरे झाकतात. फक्त टी आकाराचा तुकडा तीन आणि एक झाकतो. म्हणजे बेरीज नेहमी १५ आणि १३. प्रत्येक वर्गात एखादं तरी मूल हे स्वतःच्या स्वतः शोधतं, आणि त्या क्षणासाठी मी हा तास दरवर्षी घेते.

टेट्रिस खेळताना हात टी तुकड्याला जपायला शिकतात. खेळणाऱ्याला काळा-पांढरा पट माहीत नसतो, पण कुठल्या खाचेत टी ठेवला की पृष्ठभाग सावरतो आणि कुठे बिघडतो, हे त्याला कळतं. हातांनी गणित केलेलं असतं.

दुसरी गोष्ट. कुणीही कितीही निष्णात असो, मूळच्या टेट्रिसमध्ये अमर होता येत नाही. एस आणि झेड आकाराचे दोन नागमोडी तुकडे एकाआड एक येत राहिले तर १० घरं रुंदीच्या खोक्यात कुणीही हरतो. ७०,००० तुकडे पडायच्या आत डाव संपतोच, हे सिद्ध झालेलं आहे. आता कुठला तुकडा येईल हे केवळ यदृच्छेवर सोडलं असेल तर अनंत काळात अशी मालिका कधीतरी येणारच. नवीन आवृत्त्यांत सातही तुकडे एका पिशवीत घालून एकेक काढल्यासारखे येतात, म्हणून तिथे हा धोका नाही. एवढ्या एका बदलाने खेळण्याची रीतच बदलली. जुन्या गेममध्ये लांब काठी (चारही चौकोन एका रेषेत असलेला तुकडा) कधी येईल याचा नेम नाही. नव्यात ती फार वेळ दडून राहूच शकत नाही, मग माणूस तिच्या भरवशावर मोठे बेत करतो.

काजवा

हा धागा माझ्यासाठीच निघालाय असं वाटलं. मी टीव्हीला जोडायच्या जुन्या निनटेंडोवरचा १९८९ चा टेट्रिस गंभीरपणे खेळतो. अमेरिकेत पोर्टलंडला त्याची जागतिक स्पर्धा व्हायची, तिथे २०१८ चा अंतिम सामना मी प्रेक्षकांत बसून पाहिलाय. घाटवाट म्हणतात ते 'खेळणारे शोधतात' कसं घडलं, ते सविस्तर लिहितो.

या गेममध्ये दर १० ओळींना लेव्हल वाढते आणि तुकडे अधिक वेगाने पडतात. पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने उमटतो. त्या एकेका उमटण्याला फ्रेम म्हणतात. १९ व्या लेव्हलला तुकडा दर दोन फ्रेमना एक घर खाली येतो. २९ व्या लेव्हलला दर फ्रेमला एक घर. खोक्याची उंची २० घरं, म्हणजे माथ्यापासून तळापर्यंत सेकंदाचा एक तृतीयांश.

आता आडवं सरकवायचं कसं ते पाहा. बटण दाबून धरलं की तुकडा एक घर सरकतो, १६ फ्रेम थांबतो आणि मग दर ६ फ्रेमना एकेक घर जातो. म्हणजे पूर्ण वेगातही सेकंदाला दहाच घरं. २९ व्या लेव्हलला हातात असलेल्या तृतीयांश सेकंदात जेमतेम तीन घरं होतात आणि भिंत त्याहून लांब असते. काठावर तुकडा पोचतच नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं सगळे मानायचे की २९ ला खेळ संपतो. इंग्रजीत त्याला 'किल स्क्रीन' म्हणत. स्पर्धा असायची ती २९ येण्याआधी जास्तीत जास्त गुण कोण करतं याची. एका वेळी एक ओळ काढली तर मूळ गुण ४०, चार ओळी एकदम काढल्या तर १२००, आणि वर लेव्हलप्रमाणे गुणाकार. म्हणून सगळे एका कडेला एक घर रुंदीची विहीर मोकळी ठेवून काठीची वाट पाहायचे. जोनस न्यूबावर या पद्धतीचा राजा होता. सात वेळा जगज्जेता. २०२१ च्या जानेवारीत तो फार लवकर गेला. त्याचा खेळ पाहणं हा शांत आनंद होता. घाई दिसायचीच नाही.

२०१८ च्या अंतिम सामन्यात त्याच्यासमोर १६ वर्षांचा जोसेफ सेली होता. तो बटण दाबून धरत नव्हता. अंगठा थरथरवत दर घराला स्वतंत्र दाबत होता. याला हायपरटॅपिंग म्हणतात. १९९० च्या निनटेंडो स्पर्धेतला थॉर आकरलुंड हे पूर्वीच करायचा, पण तो एकट्याचा चमत्कार समजला जायचा. सेली ३-० ने जिंकला. सभागृहात जो आरडाओरडा झाला त्यात न्यूबावरचे चाहतेही होते. स्वतः न्यूबावरने ज्या मोकळेपणाने त्याचं कौतुक केलं, ते मी विसरणार नाही.

मग २०२० च्या सुमारास ख्रिस्टोफर मार्टिनेझ या खेळाडूने आणखी वेगळी रीत काढली. अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं करंगळीपासून एकामागोमाग कंट्रोलरच्या पाठीवर वाजवायची. तबलजी बोटं फिरवतो तशी. बटणच अंगठ्यावर येऊन आपटतं आणि सेकंदाला वीसहून जास्त वेळा दाबलं जातं. याला रोलिंग म्हणतात. या एका युक्तीने २९ व्या लेव्हलची भिंत कोसळली. त्यापुढे वेग वाढतच नाही, त्यामुळे हात टिकले तर खेळ टिकतो.

पुढे गेल्यावर जे दिसलं ते तर निनटेंडोलाही कधी तपासावं लागलं नव्हतं. १३८ व्या लेव्हलपासून प्रोग्राम रंगांच्या तक्त्याबाहेरची आकडेवारी रंग म्हणून वाचू लागतो. चित्रविचित्र रंग येतात. दोन-तीन ठिकाणी तुकडे काळ्या पडद्यावर इतके काळपट होतात की जवळजवळ दिसत नाहीत. खेळाडूंनी त्या रंगांना नावं दिली, त्यांचा वेगळा सराव केला. १५५ पासून पुढे विशिष्ट परिस्थितीत गेम गोठू शकतो. २१ डिसेंबर २०२३ ला ओक्लाहोमातल्या विलिस गिब्सन या १३ वर्षांच्या मुलाने १५७ व्या लेव्हलला तो गोठवला. त्याआधी हे फक्त संगणक प्रोग्रामने केलं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मायकेल आर्टियागाने न गोठणाऱ्या, थोड्या बदललेल्या आवृत्तीवर २५५ वी लेव्हल पार केली आणि आकडा फिरून शून्यावर आला.

गेम १९८९ चा. त्या कॅसेटमधल्या प्रोग्रामचं एक अक्षरही बदललेलं नसताना माणसांनी त्याचा शेवट २९ वरून १५७ वर नेला.

सातबारा

काजवा, प्रतिसाद दोनदा वाचला. २९ ची भिंत मुद्दाम ठेवली होती की राहून गेली?

काजवा

तिथे वेग दुप्पट होतो आणि पुढे कधीच वाढत नाही, यावरून माझा अंदाज असा की माणूस तिथवर येऊन संपेल असंच धरलं असावं. खात्रीने सांगता येणार नाही.

मोगरा

माझा मुलगा सहावीत आहे. तो माइनक्राफ्ट खेळतो. त्यात स्कोअर नाही, जिंकणं नाही, समोर कुणी हरवायला नाही. तासभर पाहिलं तर तो फक्त खणतो आणि रचतो. मला खरंच जाणून घ्यायचंय, याला खेळ म्हणायचं का? की हे नुसतं चित्र काढत बसण्यासारखं आहे?

घाटवाट

@मोगरा ताई, प्रश्न अगदी गाभ्याचा आहे. माइनक्राफ्टमध्ये यंत्र फक्त जगाचे नियम देतं. लाकूड तोडलं की फळ्या होतात, फळ्यांची कुदळ होते, लाकडी कुदळीने दगड निघतो पण लोखंड काढायला दगडी कुदळ लागते, अंधार पडला की धोका येतो. ध्येय मात्र खेळणाऱ्याने ठरवायचं. तुमचा मुलगा 'फक्त रचतो' तेव्हा त्याने स्वतःशी काहीतरी ठरवलेलं असतं. त्याला विचारा, पण 'हे काय करतोयस' असं नको. 'हे अजून पुरं का झालं नाही' असं विचारा. उत्तरात तो एखादी अडचण सांगेल. अडचण सांगितली म्हणजे तो खेळतोय.

त्यात रेडस्टोन नावाचा एक पदार्थ आहे. त्याच्या रेषा ओढून वीजमंडलासारखी जोडणी करता येते. लोकांनी त्यातून चालणारे कॅल्क्युलेटर आणि छोटे संगणक गेमच्या आत बांधलेत. कुणी सांगितलं नव्हतं, गुणही मिळत नाहीत.

मोगरा

विचारलं. म्हणाला, दार आपोआप बंद होत नाही, कळ दोनदा दाबावी लागते. मग मला वीस मिनिटं समजावून सांगितलं. मला अर्धंच कळलं, पण तो बोलत होता.

वेलदोडा

सगळे घरातल्या गेमबद्दल लिहिताहेत. मी पार्लरबद्दल लिहितो, कारण खेळण्याची ती रीत आता जवळजवळ गेली.

आमच्या भागात स्टेशनजवळ एक लांबट दुकान होतं. पाच-सहा मशिन, टोकन घ्यायचं आणि नंबर लावायचा. सगळ्यांत गर्दी मुस्तफावर. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉमचा १९९३ चा गेम, पण ते कुणाला माहीत नव्हतं. चार पात्रांतला मुस्तफा सगळ्यांत चपळ, म्हणून सगळ्यांना तोच हवा, म्हणून गेमचंच नाव मुस्तफा. नंतर कळलं की भारतभर मुलं त्याला हेच म्हणत होती.

तिथे एक जण खेळायचा आणि मागे दहा जण उभे असायचे. ते दहा जणही खेळतच होते असं मी म्हणेन. कुठल्या पिंपात जेवण आहे, कुठल्या साहेबापुढे कुठे उभं राहायचं (शेवटच्या मोठ्या शत्रूला आम्ही साहेब म्हणायचो), दोघांनी मिळून शत्रूला कोपऱ्यात कसं घ्यायचं, हे सगळं मागून सांगितलं जायचं. टोकनला पैसे लागायचे, पाहायला लागत नव्हते. ज्याच्याकडे पैसे नसायचे तो पाहून पाहून इतका तयार व्हायचा की कुणाचा शेवटचा जीव उरला की कंट्रोल त्याच्या हातात द्यायचे. आज मुलं दुसऱ्याचा खेळ मोबाईलवर तासन्‌तास पाहतात, तेव्हा घरचे म्हणतात 'स्वतः खेळत पण नाही, नुसता बघतो'. मला त्यात काही नवल वाटत नाही.

काजवांच्या मुद्द्याला जोड देतो. १९९१ चा स्ट्रीट फायटर २ करताना कॅपकॉमच्या लोकांना दिसलं की एक फटका बसल्यावर अचूक क्षणी बटण दाबलं तर समोरच्याला सावरायच्या आत दुसरा बसतो. ठरवून केलेलं नव्हतं. हे इतक्या बारीक वेळेत कोण साधणार म्हणून तसंच राहू दिलं. खेळणाऱ्यांनी ते साधलं. त्याला कॉम्बो म्हणतात आणि आज लढाईच्या गेमचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

तिठा

इथे फार गोड चित्र रंगतंय, म्हणून विरोधी सूर लावतो.

टेट्रिस, मुस्तफा यांच्याबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. पण आज लोक ज्याला गेम म्हणतात त्यातलं बरंचसं फोनवर फुकट उतरवलेलं असतं. पाच जीव संपले की अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे भरा. रोज उघडलं नाही तर साखळी तुटते. पेटी उघडा, आत काय निघेल ते नशीब. यात खेळणाऱ्याने शोधायचं काय? शोध कंपनीने लावलेला असतो, की माणूस कुठल्या क्षणी पैसे काढतो. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा विकतच्या पेट्यांना जुगार ठरवलं, ते उगाच नव्हे.

आपल्याकडे रमीच्या जाहिरातींत 'हा कौशल्याचा खेळ आहे' असं किती वर्षं ऐकलं आपण. माझ्या ओळखीच्या एका घरात त्यापायी कर्ज झालं. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला. त्यात ई-स्पोर्ट्स आणि साधे गेम एका बाजूला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम दुसऱ्या बाजूला, आणि त्या दुसऱ्यांवर बंदी. ती रेघ बरोबर ओढली असं मला वाटतं. पण फुकटच्या गेममधल्या नशिबाच्या पेट्यांबद्दल आपण काहीच बोलत नाही.

घाटवाट

@तिठा, विरोध कसला, तुमच्या मुद्द्याशी मी बहुतांशी सहमत आहे. तुमचं उदाहरण माझी कसोटी अधिक स्पष्ट करतं. गेम जुना होत जातो तसा खेळणारा शहाणा होतो का, हे पाहावं. टेट्रिस वर्षभर खेळल्यावर माणूस पहिल्या दिवशी न जमणाऱ्या गोष्टी करतो. तुम्ही म्हणता त्या गेममध्ये वर्षभराने आकडा मोठा झालेला असतो, खेळणारा तिथेच असतो.

फक्त एका गोष्टीवर अडतो. फोनवरचे सगळे गेम एकाच टोपलीत टाकू नका. बीजीएमआय (पबजीची भारतातली आवृत्ती) खेळणारी मुलं नकाशे पाठ करतात, पावलांच्या आवाजावरून शत्रूची दिशा ओळखतात, चौघांत कामं वाटून घेतात. त्यातही खर्चाचे सापळे आहेत, पण पैसे देऊन मिळतात ते मुख्यतः कपडे आणि बंदुकीचे रंग. नेम स्वतःचाच लागतो.

तिठा

नेम स्वतःचा, वेळही स्वतःचाच. पण बरं, हा फरक मान्य.

अंतर्नाद

आवाजाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मला दिसत नाही. हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतोय.

घाटवाट यांची 'पडदा काढून घेतला तर' ही कसोटी वाचून थांबलो. माझ्यासाठी पडदा नाहीच, तरी मी खेळतो. लढाईच्या गेममध्ये प्रत्येक फटक्याचा आवाज वेगळा असतो आणि स्टिरिओमुळे समोरचा डावीकडे आहे की उजवीकडे ते कळतं. पूर्वी हे आमचं आम्ही कानांनी शोधायचो. २०२३ च्या स्ट्रीट फायटर ६ मध्ये तर समोरचा किती अंतरावर आहे, फटका वरचा की खालचा, यासाठी वेगळे ध्वनी मुद्दाम दिलेत. त्याआधी २०२० मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट टू आला. त्यात दिशा सांगणारे आणि अडथळ्यांची चाहूल देणारे इतके आवाज आहेत की दृष्टिहीन माणूस ती लांबलचक कथा पुरी करू शकतो.

म्हणून सुचवतो, कसोटीत 'पडदा' ऐवजी 'यंत्र' म्हणा.

घाटवाट

@अंतर्नाद, दुरुस्ती मनापासून स्वीकारतो. यंत्र काढून घेतलं तर खेळ उरतो का, असंच म्हणायला हवं.

दुपारझड

मेंदूबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून दोनच गोष्टी.

१९९४ मध्ये डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ या संशोधकांनी टेट्रिस खेळणाऱ्यांचे हात बारकाईने नोंदवले. अपेक्षा अशी की माणूस आधी मनात ठरवेल आणि मग तुकडा फिरवेल. दिसलं उलटं. तुकडा नीट दिसायच्या आत खेळणारे तो फिरवू लागतात, गरजेपेक्षा जास्त वेळा फिरवतात, आणि त्यात मुरलेले खेळाडूही आले. मनात आकार फिरवण्यापेक्षा पडद्यावर फिरवून पाहणं झटपट होतं. म्हणजे ती बटणं विचार करण्यासाठीच दाबलेली असतात. बाहेरून बघणाऱ्याला 'नुसती बटणं बडवतोय' दिसतं ते हे.

दुसरी. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० मध्ये लोकांना टेट्रिस खेळवून झोप लागतानाचे अनुभव विचारले. पुष्कळांना पडणारे ठोकळे दिसले. त्यांत नवीन काही लक्षातच न राहणारे (अम्नेशियाचे) काही रुग्ण होते. आपण हा गेम खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं, तरी त्यांच्यातल्या काहींना ठोकळे दिसले.

सातबारा

अवांतर होईल, पण आपल्याकडे गेम तयारही होतात हे राहू नये. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी २०२० मध्ये आला. डोंबाऱ्याच्या खेळात वाढलेली मुलगी असुरांनी नेलेल्या भावाला शोधते. त्यात ती भिंतीवरून पळते, खांबाला गिरकी घेऊन फटका मारते. लढाईची रीत तिच्या कसरतींतून आलेली आहे, वरून चिकटवलेली नाही. नकाशात वाडे, जाळ्या, भित्तिचित्रं पाहत उभं राहावंसं वाटतं. या धाग्यावरच्यांनी जरूर खेळून पाहावा.

प्राजक्त

मी साठी ओलांडलेली आहे आणि आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळलेले नाही. तुम्हा सगळ्यांचं वाचून टेट्रिस खेळून पाहावासा वाटतोय. फोनवर उतरवला, पण दोन मिनिटांत खोकं भरतं. काजवा, सुरुवात कशी करू?

काजवा

प्राजक्त काकू, वेगाची काळजी सोडा, सर्वांत हळू लेव्हल लावा. पहिले काही दिवस गुणांकडे बघूच नका, एकच गोष्ट करा: रचलेल्याच्या आत झाकलेलं भोक पडू द्यायचं नाही. ओळ उशिरा भरली तरी चालेल. झाकलेलं भोक उघडायला वरच्या सगळ्या ओळी काढाव्या लागतात, म्हणून तेच सगळ्यांत महाग पडतं.

ते जमलं की नजर हातातल्या तुकड्यावरून काढून बाजूच्या चौकटीत न्या. तिथे पुढचा तुकडा दिसतो. पडणारा तुकडा कुठे जाणार हे ठरलेलं असेल तर त्याच्याकडे बघत राहून काही मिळत नाही. मग उजवीकडची एक उभी ओळ रिकामी ठेवून बाकीच्या नऊ भरा आणि काठी आली की त्या विहिरीत सोडा. चार ओळी एकदम जातात तेव्हा काय वाटतं ते इथे येऊन नक्की लिहा.

प्राजक्त

आठवडा झाला. पुढच्या तुकड्याकडे बघायची सवय लागली. काल चार ओळी एकदम गेल्या आणि मी एकटीच टाळी वाजवली.

पण एक शंका आहे. वरचा भाग अगदी सपाट ठेवते, तरी ते नागमोडी तुकडे आले की खाली भोक पडतंच. मग सपाट ठेवून उपयोग काय?

निळीशाई

काकू, निरीक्षण अचूक आहे. सपाट जागेवर एस आणि झेड भोक न पाडता बसूच शकत नाहीत, बाकीचे पाच बसतात. म्हणून अगदी सपाट ठेवू नका. कुठेतरी एका घराची पायरी राहू द्या. पायरी डावीकडून उजवीकडे उतरती असेल तर एस उभा बसेल, चढती असेल तर झेड. दोन्ही प्रकारची एकेक ठेवलीत तर सातांतला कुठलाही आला तरी जागा असेल. एका घराच्या रुंदीची खाच दोन घरं खोल झाली तर मात्र एल किंवा जे लागेल, आणि तीन घरं खोल झाली की काठीशिवाय भरत नाही. तेवढी खोल होऊ देऊ नका.